स्वामी अभिषिक्तानंद : शांतिवन ते इंदूर

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी-स्मरणिकेसाठी इंदूर नगरीशी संबंध असलेल्या एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे सुचविण्यात आले तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मनात साहजिकच प्रथम आली ती होळकर दरबारातील मुत्सद्द्यांची, येथील गायक-चित्रकारांची आणि मराठी संस्थांच्या आद्य प्रवर्तकांची नावे. त्यांच्याविषयी अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून येथे अशा एका पुरुषाचे चरित्र सांगतो, ज्यांनी इंदुरात आपल्या आयुष्याचे केवळ अखेरचे काही महिने काढले. ७ डिसेंबर १९७३ रोजी सायंकाळी येथील रॉबर्ट्स नर्सिंग होममध्ये त्यांनी देह ठेवला. कन्हैयालाल मिश्र ‘प्रभाकर’ यांच्या हिंदी लेखामुळे हे शुश्रूषागृह आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेथे सेवा करणाऱ्या परदेशी भगिनींचे त्यातील चित्र अनेकांनी पाठ्यपुस्तकात वाचले असेल. परंतु त्याच वास्तूत वारलेल्या या संन्याशाचे नाव आपल्या मराठी वस्तीत फारसे कोणाच्या कानावर नाही. युरोपातील धर्मचिंतकांच्या वर्तुळात मात्र त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत.

ते जन्माने फ्रेंच, दीक्षेने रोमन कॅथलिक साधू, नागरिकत्वाने भारतीय आणि वेषाने भगवी छाटी नेसणारे. त्यांचे मूळ नाव आँरी ल सो, संन्यासाश्रमातील नाव स्वामी अभिषिक्तानंद. ग्रंथालयाच्या स्मरणिकेत त्यांना स्थान द्यावयाचे आणखी एक लहानसे निमित्त आहे, ते असे की तरुणपणी आपल्या मठात ते ग्रंथपाल होते.

फ्रान्सच्या वायव्येस ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील सँ-ब्रियाक या समुद्रकाठच्या गावी ३० ऑगस्ट १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे श्रद्धाळू आणि परिस्थिती बेताची होती. थोरला मुलगा असल्याने आईचा त्यांच्यावर आणि त्यांचा आईवर विलक्षण जीव. एका बाळंतपणात आई मरणाच्या दारातून परत आली. पुढल्या वेळी तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा मुलाने मनोमन नवस केला की, आई वाचली तर देव नेईल तेथे, कितीही दूर जावे लागले तरी, आपण जाऊ. त्यांचा एक चुलता धर्मप्रचारक म्हणून चीनमध्ये गेलेला होता. दूर म्हणजे काय याची कल्पना घरात होती. आई वाचली. मुलगा धर्मशिक्षणासाठी आधीच घराबाहेर पडला होता. १९२९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो केर्गोनाँ येथील बेनेडिक्टीय मठात दाखल झाला आणि १९३५ मध्ये त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळाली.

बेनेडिक्टीय मठाचे जीवन म्हणजे घड्याळाच्या काट्याला बांधलेले जीवन. ठरलेल्या प्रहरी सामुदायिक स्तोत्रगायन, ठरलेल्या वेळी श्रम, ठरलेल्या वेळी वाचन. ल सो यांच्याकडे ग्रंथालयाचे काम होते, विधींची व्यवस्था पाहण्याचेही होते. त्या ग्रंथसंग्रहातून आद्य ख्रिस्ती आचार्यांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले आणि त्याच सुमारास भारताविषयी मिळेल ते वाचावयास आरंभ केला. भारतात जाऊन तेथील संन्याशांच्या रीतीने ख्रिस्ती मठजीवन जगावे, ही ओढ त्यांच्या मनात १९३४ पासून होती. ती पुरी होण्यास चौदा वर्षे लागली. मध्ये महायुद्ध आले. त्यांना सैन्यात जावे लागले, त्यांची तुकडी शत्रूच्या हाती सापडली आणि नावनोंदणी होण्यापूर्वीच ते शेतात दडून निसटले. १९४२ मध्ये आईच्या इच्छेवरून त्यांनी प्रेम आणि प्रज्ञा या विषयावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ख्रिस्ती त्रयीवरील चिंतन असलेल्या त्या लेखनात प्रकरणांच्या शेवटी ओंकार येतो. हे लिहिणाऱ्याने तोवर भारताची भूमी पाहिलेली नव्हती. १९४४ मध्ये आई वारली. घराशी बांधणारा सर्वांत बळकट धागा तुटला.

१९४७ मध्ये त्यांनी तिरुचिरापल्लीचे बिशप मेंडोन्सा यांना पत्र पाठविले. पत्र फ्रेंचमध्ये असल्यामुळे बिशपांनी ते आपल्या हाताखालील एका फ्रेंच पुरोहिताकडे दिले. ज्यूल मोंशानँ हे त्यांचे नाव. लियोंकडचे हे विद्वान गृहस्थ १९३९ पासून तामिळनाडूत कावेरीकाठच्या कुळित्तलै भागात खेड्यापाड्यांतून राहत होते. नेमके तेच स्वप्न तेही वर्षानुवर्षे उराशी बाळगून होते आणि जोडीदाराअभावी थांबले होते. हा योगायोग म्हणावा की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे. ल सो १५ ऑगस्ट १९४८ रोजी कोलंबोला उतरले आणि लगोलग कुळित्तलैला पोहोचले. त्यानंतर पंचवीस वर्षे ते जगले; फ्रान्सला ते एकदाही परत गेले नाहीत.

२१ मार्च १९५० रोजी, संत बेनेडिक्ट यांच्या सणाच्या दिवशी, कुळित्तलैजवळील तण्णीरपळ्ळी या खेड्यात कावेरीच्या काठी, एका आमराईत, दोघांनी आश्रमाची स्थापना केली. त्याचे औपचारिक नाव सच्चिदानंद आश्रम. लोकांत रूढ झालेले नाव शांतिवन. आपल्या वेदान्तातील ब्रह्माची सत्, चित् आणि आनंद ही तिन्ही पदे येथे ख्रिस्ती त्रयीशी जुळवून घेतली होती: सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र आणि आनंद म्हणजे पवित्र आत्मा. ही जुळणी त्यांची स्वतःची नव्हे. बंगालमधील ब्रह्मबांधव उपाध्याय या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सच्चिदानंदाचे संस्कृत स्तोत्र रचले होते आणि नर्मदाकाठी जबलपूरजवळ मठही काढला होता. तो मठ टिकला नाही. त्याही पूर्वी सतराव्या शतकात रॉबर्ट दी नोबिली या इटालियन पाद्र्याने मदुरैत संन्याशाचा वेष धारण केला होता. दी नोबिलीचा वेष हा बऱ्याच अंशी उच्चवर्णीयांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग होता. शांतिवनातील दोघांची भूमिका निराळी होती. हिंदू संन्यासपरंपरेतील जे श्रेष्ठ आहे ते ख्रिस्ती साधूने शिकावे, आत्मसात करावे, अशी ती होती. अर्थात या देवघेवीची पूर्णता ख्रिस्तातच होणार, असे त्या वेळी दोघेही धरून चालले होते. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढील सर्व कथेचे मर्म त्यातच आहे.

मोंशानँ यांनी परमारूप्यानंद असे नाव घेतले. परम अरूप अशा पवित्र आत्म्यात ज्याचा आनंद, तो हा. ल सो झाले अभिषिक्तेश्वरानंद. ख्रिस्त या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच अभिषेक झालेला असा आहे. म्हणून अभिषिक्त ईश्वर म्हणजे ख्रिस्त. लोकांच्या सोयीसाठी पुढे ते नुसते अभिषिक्तानंद झाले. राहावयास झोपड्या, नेसावयास भगवे वस्त्र, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, निजावयास चटई. दिवसातून तीन संध्यांना प्रार्थना होई आणि तिच्यात संस्कृत व तामिळ यांना स्थान होते. खेड्यातील शेतकऱ्याला जे परवडते त्याहून अधिक काही आपल्याजवळ नसावे, असा दोघांचा कटाक्ष होता. बांधकाम, विटा, मजूर, हिशेब हे सर्व अभिषिक्तानंदांच्या अंगावर पडे. मोंशानँ दम्याने त्रस्त, पुस्तकांत रमणारे आणि व्यवहारात अगदी अजाण. दोघांचे पुष्कळदा पटत नसे. दोन चांगली माणसे एका आमराईत एकत्र राहिली म्हणजे सगळे गोडच असते, हा आपला समज आश्रमांच्या इतिहासाने वारंवार खोटा पाडलेला आहे.

आश्रमाच्या स्थापनेपूर्वीच एक घटना घडून गेली होती. जानेवारी १९४९ मध्ये मोंशानँ त्यांना तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या दर्शनाला घेऊन गेले. प्रथम दर्शनी अभिषिक्तानंदांची निराशा झाली. त्यांनी काही तेज, काही दिव्य वलय पाहण्याची अपेक्षा केली होती. समोर दिसले ते एक साधे, वृद्ध, शांत गृहस्थ. वाचलेल्या ग्रंथांचे आणि ठरवून आणलेल्या अपेक्षांचे ओझे त्यांनी बरोबर आणले आहे, असे तेथील एका इंग्रज साधिकेने त्यांना सुचविले. त्यात त्यांना ताप भरला. तापाच्या गुंगीत आणि वेदपठणाच्या नादात मनाचे दरवाजे कसे कोण जाणे उघडले आणि महर्षींच्या मौनाने त्यांच्या अंतरात जे घर केले ते कायमचे. त्याच वर्षी ते पुन्हा गेले. १४ एप्रिल १९५० रोजी महर्षी समाधिस्थ झाले. तेव्हा आश्रम स्थापन होऊन महिनाही झाला नव्हता.

महर्षी गेले, पण अरुणाचल उरला. १९५२ ते १९५५ या काळात अभिषिक्तानंद वारंवार त्या डोंगराच्या गुहांत जाऊन राहिले. गुहेत काळोख, बाहेर भिक्षेवर निर्वाह आणि दिवसचे दिवस मौन. ज्या अद्वैताला ते वेदान्ताचा एक सिद्धान्त म्हणून ओळखत होते, ते तेथे त्यांच्या अनुभवाला आले. येथून त्यांच्या आयुष्यातील खरे युद्ध सुरू झाले. जीव आणि परमात्मा यांत भेद नाही हे अनुभवाने खरे असेल, तर पित्याला हाक मारणारा पुत्र कोण? वेदीवर दररोज जो ख्रिस्तयाग ते करीत होते, तो कोणी कोणाला अर्पण करावयाचा? आणि हा अनुभव भ्रम असेल, तर महर्षींच्या मुखावर जे त्यांनी पाहिले होते ते काय होते? आपण आपल्या धर्माशी द्रोह करीत आहोत, कदाचित अनंतकाळच्या नाशाकडे चाललो आहोत, अशी भीती त्या वर्षांच्या त्यांच्या रोजनिशीत पानोपानी आढळते. त्यांच्या मृत्यूनंतर १९८६ मध्ये ती प्रथम फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. एखाद्या विद्वानाची टिपणे म्हणून ती उघडावी आणि वाचता वाचता जखमी माणसाचे कण्हणे कानी पडावे, असे ते पुस्तक आहे.

आपण मराठी वाचक येथे थोडे थबकतो. अद्वैत आणि भक्ती यांच्यामध्ये एवढी दरी कशाला, असे आपल्याला वाटते. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त शिव आणि शक्ती यांचे ऐक्य सांगताना प्रेमाचा ओलावा आटत नाही, आणि वारकरी अद्वैत मानूनही पंढरीची वाट चालतो. ही वाट आपल्या पायाखालची आहे. परंतु अभिषिक्तानंदांची अडचण केवळ द्वैत-अद्वैताची नव्हती. ख्रिस्ती श्रद्धा एका विशिष्ट काळी, विशिष्ट देशी होऊन गेलेल्या एका व्यक्तीवर उभी आहे. तिच्या जन्माला तारीख आहे, मृत्यूला साक्षीदार आहेत. गुहेतील अनुभवात काळही नाही आणि देशही नाही. नामरूप ओसरले की येशूचे नाव आणि रूपही ओसरणार काय, हा तो प्रश्न होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो असे मानीत राहिले. अखेरीस १९१७ मध्ये साताऱ्यास त्यांनी काढलेल्या देवाच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. टिळकांना अभंगाची मायबोली लाभली होती. या ब्रेतों साधूला लॅटिन स्तोत्रे पाठ होती, विचार फ्रेंचमध्ये येत आणि अनुभव उपनिषदांच्या संस्कृतात. त्याला दोन्ही तीरांच्या मध्येच राहावे लागले.

गुहेतील चिंतनावर त्यांनी ‘गुहान्तर’ नावाने एक ग्रंथ सिद्ध केला. पॅरिसमधील धर्मपरीक्षकांनी तो प्रकाशनास अयोग्य ठरविला. मोंशानँही अस्वस्थ होते. ते स्वतः संस्कृतज्ञ, वेदान्ताचे मर्मज्ञ. पण अद्वैत आणि त्रयी यांचा मेळ अखेर बसेल याविषयी त्यांचा विश्वास उत्तरोत्तर कमी होत गेला आणि सहकारी ज्या वेगाने पुढे चालला होता त्याची त्यांना धास्ती वाटू लागली. प्रस्तुत लेखकाला मोंशानँ यांची ही सावधगिरी अनुदार वाटत नाही. मित्र खोल पाण्यात चालला असता काठावरून हाक मारणारा माणूसही प्रेमच करीत असतो.

१९५५ मध्ये अभिषिक्तानंद मुंबईस आले होते. गांधीजींचे निसर्गोपचारतज्ज्ञ म्हणून पुण्यास नावारूपाला आलेले आणि पुढे अध्यात्माकडे वळलेले डॉ. दिनशा मेहता यांच्या सहवासात त्यांनी ध्यानाला बसण्याचा प्रयत्न केला. त्याच वास्तव्यात घारापुरीची लेणी पाहिली. तेथील त्रिमुख महेशमूर्तीसमोर या त्रयीच्या उपासकाला काय वाटले असेल, याची कल्पना ती मूर्ती पाहिलेल्या कोणालाही करता येईल. त्याच वर्षाच्या अखेरीस तिरुक्कोयिलूरजवळील तपोवनात स्वामी ज्ञानानंद गिरी यांची भेट झाली. महर्षींच्या सान्निध्यात जे हाताशी येऊन निसटले होते, ते येथे स्थिरावले. या वृद्ध अद्वैती संन्याशाला त्यांनी गुरू मानले आणि कॅथलिक पुरोहिताने हिंदू गुरूच्या पायांवर मस्तक ठेवण्यात काही अनुचित आहे असे त्यांना वाटले नाही. १९५६ च्या अखेरीस कुंभकोणम् येथील मौनमंदिरात ते बत्तीस दिवस संपूर्ण एकांतात राहिले. भिंतीतील झरोक्यातून अन्न आत येई, देणाऱ्याचे तोंडही दिसत नसे.

१० ऑक्टोबर १९५७ रोजी मोंशानँ पॅरिसमध्ये निवर्तले. शस्त्रक्रियेसाठी त्यांना विमानाने तेथे नेण्यात आले होते. शांतिवन आता एकट्याचे झाले. खरे सांगावयाचे तर आश्रम म्हणून ते कधी उभेच राहिले नव्हते. इच्छुक येत, काही दिवस राहत आणि जात. या दोघांच्या हयातीत एकही भारतीय साधू तेथे कायमचा टिकला नाही. १९५५ च्या सुमारास आलेले बेल्जियन साधू फ्रान्सिस माहियू यांनी शांतिवनाचा अनुभव घेऊन केरळात कुरिसुमला येथे निराळा आश्रम काढला. तेथे त्यांना इंग्रज साधू बीड ग्रिफिथ्स येऊन मिळाले. कुरिसुमला भरभराटीला आले, गाईगुरे, दूधदुभते, पंचवीस-तीस साधू. शांतिवनात मात्र आमराई, रिकाम्या झोपड्या आणि वर्षातील बरेच महिने बाहेर फिरणारा संस्थापक. संस्थेचा जमाखर्च मांडणाऱ्याने या प्रयोगापुढे अपयश असाच शेरा मारला असता.

१९६० मध्ये अभिषिक्तानंद भारताचे नागरिक झाले. उत्तरेकडील ओढ वाढत होती. १९६१ मध्ये उत्तरकाशीजवळ ग्यान्सू येथे गंगेच्या काठी त्यांनी एक लहानशी कुटी उभारली. दक्षिणेतून हिमालयाकडे जाता-येता त्यांचा प्रवास बहुधा आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने होई आणि वाटेत परिचितांकडे मुक्काम पडे. इंदूरच्या शुश्रूषागृहातील भगिनी त्या परिचितांपैकीच. याच काळात स्विस राजदूत ज्याक-आल्बेर क्युता यांच्या पुढाकाराने काही ख्रिस्ती विचारवंत एकत्र येऊन उपनिषदे आणि बायबल शेजारी ठेवून वाचू लागले. अल्मोडा येथे १९६१ मध्ये पहिली बैठक झाली आणि १९६३ ची नागपूरला. त्यांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते. वादविवाद कमी आणि एकत्र मौन अधिक, ही अभिषिक्तानंदांची अट असे. दोन धर्मांची गाठ पडावयाची असेल तर ती तत्त्वांच्या तुलनेत पडणार नाही, ती हृदयाच्या गुहेत पडेल, असे त्यांचे मत बनले होते. या बैठकांवर आधारित त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले.

१९६४ च्या उन्हाळ्यात ते आणि रायमोन पणिक्कर पायी गंगोत्रीला गेले. पणिक्करांचे वडील हिंदू आणि आई कॅथलिक. दोन धर्मांची सांधजोड त्यांच्या जन्मातच झालेली. गंगेच्या उगमाजवळ दोघांनी मिळून ख्रिस्तयाग केला. वर हिमशिखरे, खाली नदीचा घोष, हाताशी भाकरी आणि थोडा द्राक्षरस. दोन वर्षांनी या यात्रेवर त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांच्या सर्व लेखनात ते अधिक मोकळे आणि आनंदी आहे. रोजनिशीतील कासाविशी त्यात जवळजवळ नाही.

दरम्यान रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरून गेली होती. २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेने कॅथलिक चर्चने इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य आदराने मान्य केले. जे काल संशयास्पद होते त्याला आज मागणी आली. अभिषिक्तानंदांना चर्चासत्रांची निमंत्रणे येऊ लागली, प्रार्थनेवरील त्यांचे पुस्तक हातोहात गेले. पण तोपर्यंत त्यांना सभासंमेलनांचा कंटाळा आला होता. १९६८ मध्ये त्यांनी शांतिवन बीड ग्रिफिथ्स यांच्या स्वाधीन केले आणि ग्यान्सूच्या कुटीत कायमचे राहावयास गेले. ज्या आमराईत अठरा वर्षे घातली तिच्याकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिले नाही.

ग्रिफिथ्स यांच्या हाती शांतिवन खऱ्या अर्थाने वसले. देशोदेशींचे लोक येऊ लागले. सकाळ-संध्याकाळ ध्यान, योगासने, शेती, गावातील गरिबांसाठी काम. आणि प्रार्थनेत बायबलाबरोबर उपनिषदे, गीता, कुराण, बौद्ध आणि शीख ग्रंथ यांतील वेचे. टीकाही झाली. हे भगवे वस्त्र म्हणजे धर्मांतराचे नवे जाळे आहे, असा आरोप सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून केला. उलट बाजूने कर्मठ कॅथलिकांना तेथील ओंकार आणि आरती खपत नव्हती. गोयल यांचा संशय इतिहास पाहता निराधार म्हणता येणार नाही. ख्रिस्ती मिशनांचा या देशातील व्यवहार पुष्कळदा तसाच होता, आणि १९५० मधील शांतिवनाच्या मूळ आराखड्यात ख्रिस्ताचे अंतिम श्रेष्ठत्व गृहीतच होते. परंतु ज्या माणसाने तो आराखडा लिहिला तोच पुढल्या वीस वर्षांत किती बदलला, याची नोंद त्या आरोपाने घ्यावयास हवी होती. दुसऱ्याला बदलण्यासाठी आलेला मनुष्य स्वतःच बदलून गेला आणि त्याची किंमत त्याने आपल्या झोपेने, आपल्या मनःशांतीने मोजली.

आणि तरीही त्याने आपले घर सोडले नाही. अभिषिक्तानंद अखेरपर्यंत केर्गोनाँ मठाचेच साधू राहिले. ग्यान्सूच्या कुटीत एकटे असतानाही ते ख्रिस्तयाग करीत. त्यात उपनिषदांतील मंत्र येत, पण याग सुटला नाही. त्यांनी मेळ कसा घातला, असे कोणी विचारले तर शेवटच्या वर्षांत ते मेळ घालण्याचा आग्रहच सोडून देत. दोन्ही सत्ये आपल्यावर आलेली आहेत, ती दोन्ही वागवावयाची, त्यांचे समीकरण मांडण्याची घाई करावयाची नाही, या निर्णयाला ते आले होते.

ऑक्टोबर १९७१ मध्ये मार्क शादुक हा फ्रेंच तरुण त्यांना येऊन मिळाला. आयुष्यभर त्यांना शिष्य नव्हता. आता एकसष्टाव्या वर्षी मिळाला. दोघे उपनिषदे वाचू लागले आणि गुरूलाच त्यातून नवा उजेड मिळू लागला. ३० जून १९७३ रोजी हृषीकेश येथे गंगेच्या पात्रात मार्कला संन्यासदीक्षा देण्यात आली. दीक्षा देणारे दोघे होते, शिवानंद आश्रमाचे स्वामी चिदानंद आणि अभिषिक्तानंद. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोघांनी मिळून एकाला संन्यास दिला. शिष्याचे नाव अजातानंद. त्यानंतर काही दिवस गुरुशिष्य हृषीकेशजवळच्या अरण्यातील एका शिवमंदिरात राहिले. १४ जुलै रोजी अभिषिक्तानंद किराणा आणण्यासाठी बाजारात आले असता, निघालेली बस गाठण्यासाठी धावले आणि हृदयविकाराच्या झटक्याने रस्त्यातच कोसळले. बराच वेळ ते तसेच पडून होते. आश्रमाच्या परिचयातील कोणी तेथून चालले होते, त्यांनी ओळखले आणि मदत आली.

त्या वेळी जे घडले त्याला ते पुढे आजार म्हणावयास तयार नसत. रस्त्याच्या कडेला पडले असता जीवन आणि मरण या दोहोंपलीकडील काहीतरी लख्ख दिसले, ज्याचा शोध इतकी वर्षे गुहांतून आणि ग्रंथांतून केला ते सापडले, असे त्यांनी स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांत कळविले. भीती संपली होती. वीस वर्षांपूर्वीच्या रोजनिशीतील तो व्याकूळ माणूस या पत्रांतून पूर्णपणे नाहीसा झालेला दिसतो. हृषीकेशच्या बाजारातील धुळीत हे व्हावे, बसच्या आवाजात व्हावे, याची त्यांना स्वतःलाही गंमत वाटे.

पुढील उपचारांसाठी आणि विश्रांतीसाठी त्यांना इंदूरला आणण्यात आले. डोंगरावरील कुटीत परत जाण्याइतकी शक्ती आता अंगात नव्हती. रॉबर्ट्स नर्सिंग होममधील भगिनींनी त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. मधून मधून बरे वाटे, पत्रे लिहिली जात. शरदातले आपले निळे आभाळ त्यांनी येथूनच पाहिले असणार. त्याच दिवसांत याच शहरात आपली शारदोत्सवाची व्याख्याने, दिवाळी अंकांची वाटणी नेहमीप्रमाणे चालू असणार. गुहा आणि मौन यांवर ज्याच्याकडून ऐकावे असा मनुष्य दोन-तीन मैलांवर पडून आहे, याची वार्ता कोणाला नव्हती. त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असेही नाही. त्यांना ऐकविण्याची हौस उरली नव्हती. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी सर्व शांतपणे आटोपले. वय त्रेसष्ट वर्षांचे होते.

त्यांचे दफन इंदुरातच, ख्रिस्ती धर्मगुरूंच्या स्मशानभूमीत झाले. ज्ञानानंद गिरी पुढल्याच महिन्यात, जानेवारी १९७४ मध्ये, समाधिस्थ झाले. अजातानंद काही वर्षे एकांतात राहिले आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये एकाएकी नाहीसे झाले. त्यांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. सच्चिदानंदावरील ग्रंथाचे इंग्रजी रूप अभिषिक्तानंदांच्या मृत्यूनंतर १९७४ मध्ये निघाले आणि त्यानंतर अरुणाचलाच्या आठवणी, पत्रे, रोजनिशी असे एकेक प्रकाशित होत गेले. बीड ग्रिफिथ्स १३ मे १९९३ रोजी शांतिवनात वारले. त्यानंतरच्या काळात अभिषिक्तानंदांचे अवशेष इंदूरच्या मातीतून काढून कावेरीकाठी नेण्यात आले. १९६८ मध्ये जी आमराई त्यांनी सोडली होती, तिच्यातच आता ते आहेत.